लोकगीत, पियानो आणि अस्सलपणाची मिरासदारी

ऑपेराच्या कमावलेल्या गळ्यातून लोकगीत ऐकू आले की आमच्या अनेक व्यवसायबंधूंच्या कपाळावर एक ठरावीक आठी उमटते. गाणे संपायच्या आत निकाल लागलेला असतो : 'हे अस्सल नव्हे.' असा निकाल देणाऱ्यांत संगीताचे जाणकार थोडे आणि साहित्याचे अध्यापक अधिक असतात, याचे आम्हांस आश्चर्य वाटत नाही. एम. ए.च्या वर्गात लोकसाहित्य म्हणून आपण वर्षानुवर्षे जे सांगत आलो, त्याचेच हे पीक आहे. लोकगीत निनावी असते, सामूहिक असते, मौखिक असते, श्रमाशी आणि विधीशी बांधलेले असते. ते स्वरलिपीत उतरले, रंगमंचावर चढले की मरते. विद्यार्थी हे उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि पुढे स्वतः अध्यापक झाले की तेच सांगतात. आमचे म्हणणे असे, की अमेरिकेतील एका गानपरंपरेपुढे ही व्याख्या ठेवून पाहिली तर ती केवळ अपुरी ठरत नाही, अन्यायकारकही ठरते.

ही परंपरा म्हणजे तेथील गायनाची मैफल. ऑपेराचा गायक किंवा गायिका आणि शेजारी एक पियानो, एवढाच तिचा संसार. वेशभूषा नाही, नेपथ्य नाही, वाद्यवृंद नाही. शूबर्टची जर्मन गाणी व्हावीत, एखादे इटालियन पद व्हावे, मग अमेरिकन कवींच्या कवितांना अमेरिकन संगीतकारांनी दिलेल्या चाली याव्यात आणि शेवटी लोकगीते किंवा 'स्पिरिच्युअल' म्हणून ओळखली जाणारी, गुलामगिरीत जन्मलेली कृष्णवर्णीयांची भक्तिगीते. हा शेवटचा भाग आला की अस्सलपणाचे पहारेकरी जागे होतात.

त्यांना आम्ही एकच गोष्ट विचारू इच्छितो : ही भक्तिगीते पियानोवर आणली कोणी? ज्याच्या नावाशी हे काम सर्वांत घट्ट जोडले गेले आहे तो हॅरी बर्ली (1866-1949) हा कृष्णवर्णीय होता आणि ही गाणी त्याने आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकली होती. आजोबा पूर्वी गुलाम होते, पुढे आंधळे झाले होते. 1892 साली बर्ली न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीत शिकायला गेला. त्याच वर्षी ड्वोर्झाक तेथे संचालक म्हणून आला आणि बर्लीने त्याला ती गाणी म्हणून दाखवली. पुढे 1917च्या सुमारास बर्लीची 'डीप रिव्हर'ची पियानोसह मांडणी छापली गेली आणि मैफलीत एकट्या गायकाने ही गाणी म्हणायची वाट रुळली. आता गुलाम आजोबांच्या नातवाने आजोबांचे गाणे पियानोवर बसवायला कोणाची परवानगी घ्यायला हवी होती, हे आमच्या मित्रांनी सांगावे.

येथे प्रतिपक्षाच्या हाती एक भक्कम पुरावा आहे आणि तो आम्ही लपवणार नाही. झोरा नील हर्स्टन ही मोठी कादंबरीकार. लोकसाहित्याची पद्धतशीर अभ्यासकही. 1934 साली नॅन्सी क्युनार्डने संपादित केलेल्या 'नीग्रो' या ग्रंथात तिने लिहिले, की खरी स्पिरिच्युअल्स कोणत्याही श्रोतृवृंदापुढे कधी सादर झालेलीच नाहीत. तिच्या मते त्यांतले स्वरमेळ खडबडीत असतात, ते तालीम करून साधत नाहीत, प्रत्येक वेळी गाणे नव्याने घडते, श्वास लपवला जात नाही. मैफलीत ऐकू येते ते या गाण्यांवर आधारलेले संगीतकारांचे काम. बर्लीचे नाव तिने स्पष्टपणे घेतले आहे.

आमचे मित्र हर्स्टनचे एवढेच वाचतात. ती त्याच ठिकाणी पुढे हेही म्हणते, की हे काम चांगले आहे, सुंदर आहे. फक्त ते म्हणजे स्पिरिच्युअल नव्हे. म्हणजे ती दोन वस्तूंना दोन नावे देते. ती एकीला खरी आणि दुसरीला मेलेली ठरवत नाही. समीक्षेत हा फरक लहान नाही. ज्ञानेश्वरीला कोणी 'हे मूळ गीता नव्हे' म्हणाले तर आपण त्याच्याकडे कीव करून पाहतो. कारण ती गीता नाही हे ठाऊक असूनच आपण ती वाचतो. मग हा विवेक लोकगीताच्या बाबतीत कोठे जातो?

अस्सलपणाच्या मागणीला अमेरिकेत आणखी एक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात 'मिन्स्ट्रेल' नावाचे खेळ तेथे अफाट लोकप्रिय होते. गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून कृष्णवर्णीयांच्या बोलीची, चालण्याची, गाण्याची नक्कल करीत, आणि प्रेक्षक ती नक्कल अस्सल म्हणून पाहत. म्हणूनच बर्लीने आपल्या छापील गाण्यांना जोडलेल्या टिपणात गायकांना बजावले आहे, की अंग डोलवणे, टाळ्या वाजवणे, कृष्णवर्णीयांच्या उच्चारातले हेलकावे मुद्दाम आणणे, हे काही करू नका. या गाण्यांना मिन्स्ट्रेलची गाणी समजू नका. कमावलेला गळा, ताठ उभे राहणे, पियानोची साथ, यांत आमच्या मित्रांना कृत्रिमता दिसते. बर्लीला दिसत होते ते हे, की त्या काळच्या रंगमंचावर 'नैसर्गिक' दिसायचे तर कृष्णवर्णीय गायकाला स्वतःचीच विटंबना करावी लागली असती. संयमित मैफल हा त्यावरचा उतारा होता.

9 एप्रिल 1939चा प्रसंग सर्वश्रुत आहे. मेरियन अँडरसन कृष्णवर्णीय, म्हणून 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' या संस्थेने वॉशिंग्टनचे आपले सभागृह तिला नाकारले आणि ईस्टरच्या रविवारी ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायली. समोर पंचाहत्तर हजारांचा समुदाय होता. प्रसंग सगळे सांगतात, कार्यक्रमपत्रिका मात्र फारसे कोणी वाचत नाही. तीत देशगीतानंतर डोनिझेत्तीच्या ऑपेरातले पद होते, मग शूबर्टचे 'आवे मारिया', आणि त्यानंतर स्पिरिच्युअल्स. त्यांतल्या एकाची मांडणी बर्लीची, एकाची फ्लॉरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय संगीतकार स्त्रीची. साथीला कोस्टी वेहानेनचा पियानो. डोनिझेत्तीपासून स्पिरिच्युअलपर्यंत गळा तोच, उभे राहणे तेच. ही गाणी एका रांगेत उभी करणे हाच त्या पत्रिकेचा युक्तिवाद होता, असे आम्ही मानतो. शेताचे गाणे शेतात राहू द्या, असे म्हणणारा रसिक नकळत त्या सभागृहाच्या दारावरच जाऊन उभा राहतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात अँडरसनला भूमिका मिळायला 7 जानेवारी 1955 उजाडावा लागला. तेव्हा तिच्या वयाची साठी जवळ आली होती.

आता थोडे आमच्याच बाजूच्या लोकांविषयी. पियानोमुळे लोकगीताचे 'उन्नयन' होते असे मानणारा एक वर्ग आहे आणि तो आम्हांला पहिल्याइतकाच त्रासदायक वाटतो. एरन कोपलंडच्या 'ओल्ड अमेरिकन साँग्ज'चा पहिला संच 1950चा, दुसरा 1952चा. पहिला संच आधी गायला गेला तो इंग्लंडमधील ऑल्डबरा येथे. गायक पीटर पिअर्स, पियानोवर बेंजामिन ब्रिटन, दोघेही इंग्रज. या संचातले पहिलेच गीत, 'द बोटमेन्स डान्स', डॅन एमेटचे आहे आणि एमेट हा मिन्स्ट्रेलच्या रंगमंचावरचा नामांकित नट होता. म्हणजे ज्याला आपण लोकगीत म्हणून डोक्यावर घेतो ते तिकीट लावलेल्या खेळातून आलेले आहे. दुसऱ्या संचातले 'चिंग-अ-रिंग चॉ' हेही त्याच खेळांतले. त्याचे वर्णद्वेषी शब्द कोपलंडने बदलले. बदलले हे योग्यच केले. पण त्यामुळे गाणे 'वर' गेले असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. डाग धुतला गेला आणि डाग होता हेही विस्मृतीत गेले. कृष्णवर्णीय गायक विल्यम वॉरफिल्डने 1951 साली कोपलंडच्या साथीने पहिला संच ध्वनिमुद्रित केला. तो डौलदार आवाज ऐकताना एमेटची काजळी आठवणे आम्हांला आवश्यक वाटते. तसे ऐकले की आनंद कमी होत नाही, त्याला धार येते.

'सिम्पल गिफ्ट्स'ची गोष्ट वेगळी. शेकर या धर्मपंथाचे हे 1848च्या सुमाराचे गीत पंथाबाहेर जवळजवळ अज्ञात होते. 1944च्या 'ॲपलॅशियन स्प्रिंग' या नृत्यनाट्यासाठी कोपलंडने त्याची चाल घेतली आणि त्यानंतर ते साऱ्या देशाचे झाले. रंगमंचाने गाणे मारले म्हणणाऱ्यांनी याचे काय करायचे? उलट 'ओल मॅन रिव्हर' हे कित्येकांना लोकगीत वाटते. भूपेन हजारिकांच्या गंगेवरच्या गाण्यामागची प्रेरणा म्हणून आपल्याकडेही त्याचे नाव घेतले जाते. पण ते 1927च्या 'शो बोट' या ब्रॉडवेच्या संगीतिकेसाठी जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी लिहिलेले गाणे आहे. पॉल रोबसनने मैफलीत त्याचे शब्द बदलून त्यातली हतबलता काढून टाकली. निनावीपणा, मौखिकता, सामूहिकता या आपल्या कसोट्या येथे एकामागून एक निसटतात.

आम्ही सुचवतो ते नवीन नाही. मराठीचा प्रत्येक अध्यापक ते एरवी करतोच. हस्तलिखितांचे पाठ आपण ताडून पाहतो. कोणी कोणती ओळ गाळली, कोणता शब्द सोज्ज्वळ केला, कोणासाठी केला, हे विचारतो. पियानोसह गायलेले लोकगीत हा असाच एक पाठ आहे. त्यात बोलीतले उच्चार ठेवले की प्रमाण केले? कडवी किती गाळली? पियानो आवाजाला टेकू देतो की मोकळे सोडतो? गाणे पत्रिकेत कोठे ठेवले, शूबर्टच्या बरोबरीने की शेवटी टाळ्यांसाठी? या प्रश्नांची उत्तरे ऐकून देता येतात. 'अस्सल आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर ऐकावेच लागत नाही, ते आधीच तयार असते. त्याची लोकप्रियता बहुधा त्यातच असावी.

उरतो एक अवघड प्रश्न, आणि वर्गात तो हमखास येतो : आज एखाद्या गोऱ्या ऑपेरा गायकाने 'डीप रिव्हर' म्हणावे काय? बर्लीची गाणी त्याच्या हयातीतच गोऱ्या गायकांनी म्हटली होती आणि त्यांतूनच ती देशभर पोहोचली, तेव्हा सरसकट बंदी आम्हांला मान्य नाही. पण हाच गायक कृष्णवर्णीय संगीतकारांच्या कलागीतांकडे ढुंकूनही पाहत नसेल, लँग्स्टन ह्यूजच्या कवितांवर मार्गारेट बाँड्सने आणि फ्लॉरेन्स प्राइसने रचलेली गाणी त्याच्या पत्रिकेत कधीच येत नसतील, आणि शेवटी डोळे मिटून एक स्पिरिच्युअल तेवढे येत असेल, तर आमचा आक्षेप आहे. त्याच्या वर्णाला नव्हे, त्याच्या पत्रिकेला.