आईपासून दुरावा, बाळाचा मेंदू आणि डीएचएचा डबा

‘बाळ आईपासून दूर राहिले तर त्याच्या मेंदूतली चरबी बदलते’ असे सांगणारे संदेश मोबाइलवर फिरत असतात. शेवटी बहुधा डीएचएच्या एखाद्या पावडरची जाहिरात असते. रजा संपवून कामावर जाणाऱ्या आया ते वाचून धास्तावतात. संदेशामागचे संशोधन खोटे नाही. त्यातून काढलेला अर्थ मात्र मला पटत नाही.

मेंदूतले पाणी वगळले तर उरलेल्या भागात निम्म्याहून अधिक स्निग्ध पदार्थ असतात. डीएचए हे त्यातलेच एक ओमेगा-३ फॅटी ॲसिड. मेंदूच्या पेशींच्या आवरणाचा तो महत्त्वाचा घटक आहे. गर्भारपणाचे शेवटचे तीन महिने आणि जन्मानंतरची पहिली दोन वर्षे ते मेंदूत झपाट्याने साठते. उंदरांची पिल्ले पहिले दोन आठवडे रोज तीन-तीन तास आईपासून वेगळी ठेवली, तर मोठेपणी ती अधिक भित्री होतात आणि ताणाला जास्त प्रतिसाद देतात, असे बऱ्याच प्रयोगांत दिसले आहे. काही प्रयोगांत मेंदूतल्या फॅटी ॲसिडचे प्रमाणही बदललेले आढळले.

पण याची दुसरी बाजू कोणी फॉरवर्ड करत नाही. पिल्ले रोज जेमतेम पंधरा मिनिटे दूर ठेवली, तर ती मोठेपणी उलट कमी घाबरतात! परत आलेल्या पिल्लांना आई जास्त चाटते, हे त्याचे एक कारण मानले जाते. म्हणजे दुरावा किती वेळाचा आणि भेट झाल्यावर काय मिळते, यालाही महत्त्व आहे. शिवाय प्रयोगातल्या पिल्लाला आजी नसते, बाबा नसतात, पाळणाघरातल्या मावशी नसतात. आई गेली की ऊब, दूध, स्पर्श सगळेच जाते. संध्याकाळी घरी येऊन बाळाला कुशीत घेणाऱ्या आईला हे प्रयोग लावणे चुकीचे आहे.

काळजी करायचीच तर ती रुग्णालयांची करा. कमी वजनाचे बाळ जन्मले की ते एका विभागात, आई दुसऱ्या मजल्यावर, आणि नातेवाईक बाहेर काचेपाशी, ही पद्धत आपल्याकडे अजून ठिकठिकाणी आहे. सिझेरियननंतर धडधाकट बाळही कित्येक तास आईजवळ येत नाही. याला वैद्यकीय कारण असतेच असे नाही. बऱ्याचदा ती केवळ सोय असते.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतासह पाच देशांतली १ ते १.८ किलो वजनाची बाळे होती. भारतातले काम दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झाले. काही बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या उघड्या छातीशी ठेवले. बाकीच्यांना प्रकृती स्थिरावल्यावर. पहिल्या २८ दिवसांत पहिल्या गटात १२ टक्के बाळे दगावली, दुसऱ्यात १५.७ टक्के. यात कोणी फॅटी ॲसिड मोजले नव्हते, आणि मोजायची गरजही नव्हती. जागतिक आरोग्य संघटना आता अशा बाळांना जन्मल्याबरोबर, रोज ८ ते २४ तास कांगारू मदर केअर द्या, असे सांगते.

आणि डीएचए? ते आईच्या दुधात असते. आईने बांगडा, तारली खाल्ली तर दुधातले प्रमाण वाढते. शाकाहारी आईने जवसाची चटणी, अक्रोड जरूर खावेत. मात्र त्यातल्या ओमेगा-३ पासून शरीर फार थोडे डीएचए बनवते. फार अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते वेगळे द्यायचे का, हे बालरोगतज्ज्ञ ठरवतील. पूर्ण दिवसांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळासाठी महागडा डबा आणू नका.

प्रसूतीसाठी नाव नोंदवतानाच विचारून घ्या: बाळ किती वेळात आईजवळ देता? ते काचेच्या पेटीत असेल तर आईला आत बसू देता का? आईला उठवत नसेल, तर बाबांनी शर्ट काढून बाळाला छातीशी घेतले तरी चालते. आजीही घेऊ शकते.