सरपण म्हणू नका

गावात जुनं घर पाडायला काढलं, की जेसीबीच्या आधी जुनं लाकूड घेणारा दारात हजर. तुळईवर नख मारून बघतो, तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, "मालक, यात काय राहिलंय? सरपणाच्या भावानं घेतो, वर जागा बी मोकळी करून देतो." आपण सुटल्यासारखं "ने बाबा" म्हणतो. पुढं तेच लाकूड कुठल्यातरी शहरी हॉटेलात पॉलिश होऊन उभं राहतं, आणि आपण ट्रॅक्टरच्या शेडात सामान ठेवायला तालुक्याहून भुशाच्या फळ्यांचा रॅक आणतो. याला व्यवहार म्हणतात. मी म्हणत नाही.

आमच्या माळवदाच्या मुलखात घर खणांवर मोजत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि माळवदाची धास्ती घराघरांत शिरली. ती खोटी नव्हती. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरची माती यांनी माणसं मारली. पण कित्येक घरांत भिंती ढासळल्या तरी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच होता, हे विसरलं गेलं. माळवद सोडा, स्लॅब टाका, त्याला कोण अडवतो? पण मातीचा गुन्हा लाकडाच्या माथी कशाला?

आमचं घर उतरवलं तेव्हा वाटणीला आलेलं सागवान आबांनी विकू दिलं नाही. भावकी हसली. "आबा, लाकडं उराशी घेऊन निजणार का?" आबांनी सुतार बोलावला आणि शेडात मांडणी करून घेतली. आठ फूट लांब, दीड फूट रुंद.

पहिलं काम खिळे काढण्याचं. एक खिळा आत राहिला तर वखारीतलं पातं जातं, मग कोणी दुसऱ्यांदा तुमचं लाकूड चिरून देत नाही. नंतर सुतारानं प्रत्येक नग हातोडीनं वाजवला. टणक वाजला तो ठेवला. बद्द वाजला तेवढा वाळवीनं खाल्लेला भाग कापून टाकला. सरपण म्हणायचं तर तेवढंच निघालं. खांबांच्या चार जोड्या उभ्या केल्या, म्हणजे फळीला कुठंच तीन फुटांचं सुद्धा अंतर अधांतरी नाही. आडव्या पट्ट्या खांबात खाच पाडून बसवल्या, नुसत्या खिळ्यावर टांगल्या नाहीत. पाठीमागून तिरप्या पट्ट्या मारल्या, मांडणी डुलू नये म्हणून. आणि पाय मातीत न पुरता जुन्या घराच्याच तळखड्यांवर ठेवले, ओल आणि वाळवी दोन्ही खाली राहिल्या.

तुळया चिरून दीड इंची फळ्या पाडल्या. जाडी दुप्पट केली की फळीचा ताठपणा आठपट होतो, हे दुकानातला रॅक विकणारा सांगत नाही. खालच्या फळीवर युरियाची ४५ किलोची पोती, वर ऑइलचे कॅन, फाळ, पाने, मोटारीचं सामान. फळी अजून वाकलेली नाही. तिनं पूर्वी अख्खं माळवद पेललं होतं, तिला पोत्याचं काय!

"सुताराची मजुरी रॅकच्या किमतीपेक्षा जास्त जाते," असं पोरं म्हणतात. जाते. पण एकदा जाते. भुशाची फळी पत्र्यातून गळलेल्या पाण्यानं फुगते, तिचा स्क्रू एकदा ढिला झाला की पुन्हा धरत नाही. लोखंडी अँगलचा रॅक चांगला असतो, त्याला मी नावं ठेवत नाही. पण घरचं सागवान मातीमोल विकून लोखंड विकत आणायचं, हे कुठलं शहाणपण? शिवाय मजुरीचा पैसा गावातच राहतो. आज सुताराचा पोरगा शहरात प्लायवूड ठोकतोय, कारण गावात त्याला कोणी लाकूडच दाखवत नाही.

दुसरी एक तऱ्हा आहे, तिचाही मला तेवढाच राग येतो. आजोबांच्या घराची चौकट बैठकीत टांगायची, तिच्यावर दिवे सोडायचे आणि पाहुण्यांपुढं उसासे टाकायचे. लाकूड जपणं म्हणजे त्याची आरती नव्हे. सागाचा जन्म भार पेलण्यासाठी. त्याला काम द्या.

तेव्हा घर पाडायला काढाल, तर आधी तुळया मोजा, मग सुताराला हाक मारा. घेणारा दारात आला तर त्याला चहा पाजा आणि रिकाम्या हातानं वाटेला लावा.