ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

शैक्षणिक वर्ष सुरू झाले की आमच्या वस्त्यांमधल्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे आणि नेटकॅफेंपुढे पोरापोरींच्या रांगा लागतात. जातीचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोरगी येते. दुकानदार महाडीबीटीवर तिचा अर्ज भरतो आणि मोबाइल क्रमांकाच्या व ई-मेलच्या रकान्यात कित्येकदा स्वतःचाच क्रमांक, स्वतःचाच ई-मेल टाकतो. पासवर्डही तोच ठरवतो, तोच आपल्या वहीत लिहून ठेवतो. यात त्याची नियत वाईट असतेच असे नाही. ओटीपी चटकन यावा, रांग पुढे सरकावी, एवढेच त्याला हवे असते. पण त्या क्षणी खाते तिच्या नावाचे राहते आणि चावी दुसऱ्याच्या खिशात जाते. हे तिला पुढल्या वर्षी, नूतनीकरणाच्या वेळी, दुकान बंद झालेले दिसते तेव्हा कळते.

ही शिष्यवृत्ती कोणाच्या मेहेरबानीने मिळालेली नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले, शिक्षणासाठी पैसा मागितला, आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ऐंशी वर्षांनंतर त्या हक्काचे दार एका लॉगिनमागे गेले आहे. म्हणून लॉगिनचा प्रश्न हा 'कॉम्प्युटरवाल्यांचा' प्रश्न म्हणून सोडून देता येणार नाही. हिमाचल प्रदेशात सुमारे २५० कोटींच्या शिष्यवृत्ती घोटाळ्याचा तपास २०१९ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. झारखंडमध्ये २०२० साली अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीत दलालांनी हात मारल्याचे उघड झाले. विद्यार्थ्याची कागदपत्रे आणि ओळख दुसऱ्याच्या हाती गेली की पैसाही त्याच वाटेने जातो.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. त्याला दुहेरी पडताळणी म्हणतात. पासवर्ड ही आपल्याला माहीत असलेली गोष्ट. ती चोरता येते, खांद्यावरून वाचता येते. म्हणून दुसरा पुरावा आपल्या जवळ असलेल्या वस्तूचा मागायचा, म्हणजे फोनचा. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या हजारो शाळांचे काम पाहणाऱ्या पॉवरस्कूल या कंपनीकडून कोट्यवधी विद्यार्थ्यांची माहिती चोरीला गेली, ती एका चोरलेल्या लॉगिनवरून. त्या दाराला दुसरे कुलूपच नव्हते! पैशाने गब्बर देशांची ही गत.

सुरुवात ई-मेलपासून करावी, कारण विसरलेला पासवर्ड बहुधा ई-मेलवरूनच बदलला जातो. गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करता येते. महाविद्यालयाने दिलेल्या खात्यावर ती सोय बंद दिसली तर संगणक विभागाला ती उघडायला सांगावे. एसएमएसने येणारा कोड काहीच नसण्यापेक्षा बरा, पण त्यावर विसंबू नये. रिचार्ज थांबला की सिम बंद पडते आणि किमान ९० दिवसांनंतर तोच क्रमांक भलत्याच माणसाला मिळू शकतो. त्यापेक्षा ऑथेंटिकेटर अ‍ॅप चांगले. एकदा क्यूआर कोड स्कॅन केला की ते दर ३० सेकंदांनी सहा आकडी कोड दाखवते. त्याला ना रिचार्ज लागतो, ना इंटरनेट. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर परदेशी जाणाऱ्यांनी तर हे विमानात बसण्यापूर्वीच करावे. तिथे भारतातले सिम बंद राहिले तर एसएमएसही नाही आणि इथली खातीही नाहीत.

खरी अडचण वेगळीच आहे. ज्यांनी ही व्यवस्था आखली त्यांनी प्रत्येक पोराच्या खिशात स्वतःचा फोन गृहीत धरला. आमच्या घरात फोन एक, आणि तो बापाबरोबर बांधकामावर गेलेला. पोरगी कॉलेजात लॉगिन करते, कोड बापाच्या फोनवर येतो, बाप चौथ्या मजल्यावर स्लॅब टाकतोय, आणि काही मिनिटांत कोड बाद होतो. भाऊ घरी असला तर फोन त्याच्याकडे! अशांसाठी बॅकअप कोड आहेत. गुगल एका वेळी दहा देते, प्रत्येक आठ आकडी, एकदाच चालणारा. ते कागदावर उतरवून जातीच्या प्रमाणपत्राच्या फाइलमध्ये जपून ठेवावेत. पेनड्राइव्हसारखी दिसणारी सुरक्षा-किल्लीही मिळते, पण ती विकत घेण्याचा भार विद्यार्थ्यावर टाकू नये. समाजकल्याणच्या वसतिगृहांनी आणि महाविद्यालयांतल्या समान संधी केंद्रांनी ती घेऊन द्यावी. ही मागणी मोठी नाही, एका परिसंवादाच्या चहापाण्याएवढी आहे.

आणि कार्यकर्त्यांनी विहारात एखाद्या रविवारी दोन तास बसून हे काम करून द्यायला काय हरकत आहे? फक्त एक पथ्य पाळावे. बटण पोराला दाबू द्यावे, पासवर्ड त्यालाच टाकू द्यावा आणि आपण तोंड फिरवून उभे राहावे. आपलाच माणूस म्हणून कार्यकर्त्याने वहीत पासवर्ड लिहून घेतला तर तो आणि नेटकॅफेवाला यांत फरक काय राहिला?

ज्यांचे अर्ज यंदा भरून झाले आहेत, त्यांनी आपल्या अर्जावर कोणाचा क्रमांक आणि कोणाचा ई-मेल आहे ते याच आठवड्यात उघडून पाहावे. दुकानदाराचा असेल तर बदलून घ्यावा. ई-मेल महाविद्यालयाचा असेल तर तो शिक्षण संपल्यावर बंद होऊ शकतो, तेव्हा स्वतःचा द्यावा. बदलता येत नसेल तर शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या लिपिकाकडे लेखी अर्ज करावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.