गिअरचा दांडा, बटण की गोल नॉब?

गेल्या रविवारी बाबांनी भाच्याची नवी ऑटोमॅटिक गाडी सोसायटीच्या उतारावर थांबवली, गोल नॉब फिरवला आणि दार उघडलं. गाडी ‘पी’मध्ये नव्हतीच, ‘एन’मध्ये होती! वॉचमन ओरडला म्हणून पाय ब्रेकवर गेला. मागे पोरं खेळत होती.

चूक बाबांची? मला नाही वाटत. सरळ दांडा असला की ‘पी’ सगळ्यात पुढे, ‘डी’ मागे. न बघता हाताला कळतं. आता कुठे गोल नॉब, कुठे बटणं, कुठे स्टिअरिंगमागची दांडी, तर कुठे सोडला की परत मध्ये येणारा लिव्हर. हातात काहीच कळत नाही, स्क्रीनच बघावी लागते.

हा शेवटचा प्रकार फार महागात पडलाय. २०१६ मध्ये फियाट क्रायस्लरने त्यापायी जगभरातल्या सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षी अमेरिकेत २७ वर्षांचा अभिनेता अँटन येल्चिन स्वतःच्याच घरंगळलेल्या जीपमुळे चिरडला गेला. ती जीप त्याच यादीतली होती.

आपल्याकडच्या एएमटी गाड्यांत, अगदी २०१४ च्या सेलेरिओपासून, बहुधा ‘पी’ नसतोच. तिथे हँडब्रेक हाच आधार.

डिझाईन हवं ते करा, पण नियम एकच हवा: थांबलेल्या गाडीत चालकाचं दार उघडलं की ‘पी’ आपोआप लागला पाहिजे. ‘पी’ नसेल तर गाडीने बोंब तरी मारावी. तोवर मंडळी, आधी हँडब्रेक, मग सीटबेल्ट. घरातल्या ज्येष्ठांनाही हे एकदा दाखवाच.