मोठा फलंदाज हाच चांगला फलंदाजी प्रशिक्षक?

भारतीय महिला क्रिकेट संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून प्रथमच एकदिवसीय विश्वचषक जिंकला. या संघाचे मुख्य प्रशिक्षक अमोल मुजुमदार यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ११ हजारांहून अधिक धावा केल्या. भारताकडून खेळण्याची संधी मात्र त्यांना एकदाही मिळाली नाही. माजी खेळाडूचा लौकिक हा प्रशिक्षकपदाचा निकष असावा का, हा जुना प्रश्न या यशाने नव्याने समोर आणला आहे.

मुंबईच्या क्रिकेटने याचे उत्तर पूर्वीच दिले आहे. दिवंगत रमाकांत आचरेकर यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना आहे. तरीही शिवाजी पार्कवर त्यांनी सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी आणि प्रवीण अमरे यांच्यासारखे फलंदाज घडविले. सरावापेक्षा सामन्यांवर त्यांचा भर असे. तेंडुलकर यांना स्कूटरवरून एका मैदानातून दुसऱ्या मैदानात नेऊन ते सामने खेळायला लावीत. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

याचा अर्थ खेळण्याचा अनुभव निरुपयोगी ठरतो, असा मात्र नाही. अमरे यांनी १९९२ मध्ये दरबान येथे कसोटी पदार्पणातच शतक झळकावले. ११ कसोटी सामन्यांनंतर त्यांची कारकीर्द थांबली. पुढे अजिंक्य रहाणे यांच्यासह अनेक फलंदाजांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. वेगवान माऱ्यापुढे मनावर येणारे दडपण स्वतः अनुभवलेल्या प्रशिक्षकाच्या शब्दाला ड्रेसिंग रूममध्ये वजन असते, हे नाकारता येणार नाही.

अडचण निराळीच आहे. असामान्य फलंदाजाला अनेक गोष्टी उपजतच साधतात. त्या कशा साधतात, हे त्याला सांगता येईलच असे नाही. ज्याला प्रत्येक धाव झगडून मिळवावी लागली, त्याला आपल्या चुकांचा शोध घेणे भाग पडते. हा शोधच पुढे शिकविताना कामी येतो.

अमेरिकेतील बेसबॉलचा अनुभवही असाच आहे. चार्ली लाउ यांना खेळाडू म्हणून शंभर प्रयत्नांत सुमारे २५ वेळाच यशस्वी फटका मारता आला. मात्र १९७०च्या दशकात कॅन्सस सिटी रॉयल्स संघात त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या जॉर्ज ब्रेट यांनी १९८० च्या हंगामात हेच प्रमाण ३९ वर नेले.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची भूमिकाही बदलताना दिसते. २०२४ मध्ये पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदासाठी अर्ज मागविताना ३० कसोटी किंवा ५० एकदिवसीय सामन्यांचा अनुभव हा अनेक पर्यायांपैकी एक ठेवण्यात आला. प्रशिक्षणाचा अनुभव वा मान्यताप्राप्त पात्रताही ग्राह्य धरण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये फलंदाजी प्रशिक्षक म्हणून नेमलेले सौराष्ट्रचे सितांशु कोटक हेही भारताकडून कधी खेळले नव्हते.

या प्रश्नाची खरी झळ राष्ट्रीय संघापेक्षा गावोगावच्या मुलांना बसते. माजी खेळाडूंच्या नावाने चालणाऱ्या अकादमींकडे पालक विश्वासाने वळतात. प्रवेश घेताना प्रशिक्षकाने स्वतः किती धावा केल्या, यापेक्षा त्याच्याकडे आलेल्या साधारण मुलांत किती सुधारणा झाली, हे पाहणे अधिक हिताचे ठरेल.