काळ्या रानाचं चित्र कोण छापणार?

परभणीत वसमत रोडकडच्या नव्या घरांच्या वास्तुशांती सुरू झाल्या की फ्रेमवाल्यांचा सीझन लागतो. आहेरात ठरलेली चित्रं असतात: उधळलेले सात घोडे, कुठल्याशा परदेशी डोंगरातला धबधबा, आणि हल्ली ‘मॉडर्न’ म्हणून मिळणारे रंगांचे पट्टे, मधून एक सोनेरी रेघ. घोड्यांची तोंडं घराच्या आत हवीत, पाणी उत्तरेला हवं, हे वास्तुवाले सांगून जातात. पट्ट्यांबद्दल शास्त्र गप्प आहे, म्हणून ते सोफ्याच्या रंगाला मॅच करून लागतात. पाहुणा चहाचा कप हातात घेऊन विचारतो, ‘हे काय आहे म्हणावं?’ यजमान म्हणतो, ‘काय की बुवा. भारी दिसतंय ना?’

मला त्या पट्ट्यांची बाजू घ्यायची आहे. धबधब्यापेक्षा ते परभणीला जवळचे आहेत. जिंतूरकडचे डोंगर सोडले तर गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठांनी पसरलेली ही सपाट काळी रानं. ‘सीनरी’ म्हणून दाखवावं असं इथं फार नाही. पण मे महिन्यात नांगर न लागलेल्या रानात खाली बघत चाला. बेसॉल्ट झिजून झालेली ही चिकण माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. भेगा अशा पडतात की हातातलं खुरपं निसटलं तर सापडायचं नाही. त्या भेगांनी जमिनीचे पाच-सहा कोनांचे तुकडे पडतात. वरचा थर राखेसारखा फिका, भेगेच्या आत ओल राहिली असेल तिथं गर्द काळा. पऱ्हाटीच्या धसकटापाशी भेग वळसा घेते. यात झाड नाही, पाणी नाही, क्षितिजही नाही. तरी हा निसर्गच आहे. इथलं कृषी विद्यापीठ १९७२ पासून या मातीचा अभ्यास करतंय. आपल्या भिंतींवर मात्र ती क्वचितच येते.

निसर्गापासून अमूर्ताकडे जाणारी ही वाट सय्यद हैदर रझा यांनी चालून दाखवली. १९२२ साली मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात बाबरिया इथं जन्म, वडील जंगल खात्यात रेंजर. शिक्षण आधी नागपूरच्या चित्रशाळेत, मग मुंबईच्या जे. जे.मध्ये. १९५० साली ते फ्रान्सला गेले. सुरुवातीला घरं, गल्ल्या, निसर्गदृश्यं रंगवली. हळूहळू घरं विरघळली, झाडं गेली, रंग तेवढे उरले. पुढे आला तो बिंदू: काळं वर्तुळ, भोवती त्रिकोण, पट्टे, लाल-पिवळी-निळी चौकट. पण बालपणीचं जंगल, नर्मदा आणि पंचमहाभूतं त्या चौकटीतून कधी गेलीच नाहीत. २०१६ साली ते गेले, तेव्हा दफनासाठी त्यांना मंडलालाच नेलं.

रझांचं मूळ चित्र कोट्यवधींना जातं. ते आपल्या हॉलमध्ये यायचं नाही. पण त्यांच्या चित्रांच्या मर्यादित प्रतींच्या सेरिग्राफ आवृत्त्याही निघाल्या. सेरिग्राफ ऐकून दबून जाऊ नका, ते आपलं स्क्रीन प्रिंटिंगच. चौकटीवर ताणलेली जाळी, नको तिथली छिद्रं बुजवलेली, वरून स्क्वीजीनं ओढलेली शाई. एका रंगाला एक स्क्रीन, आणि दुसरा रंग केसभर सरकला की लग्नपत्रिकेवरच्या गणपतीची सोंड बाह्यरेषेच्या बाहेर जाते. हे काम गावातली माणसं वर्षानुवर्षं हातानं करत आली आहेत.

चांगल्या प्रिंटखाली पेन्सिलनं १२/१०० असं काही लिहिलेलं असतं: शंभर प्रतींतली बारावी. शेजारी चित्रकाराची सही. नेटवरून उतरवून कॅनव्हासवर मारलेल्या पट्ट्यांखाली यातलं काही नसतं. ते लावायला हरकत नाही. पण चित्र कुणाचं, एवढं तरी दुकानात विचारावं.

आपल्या लोकांना छापील चित्राचं वावडं कधीच नव्हतं. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. यंत्रं जर्मनीची, कारागीर जर्मन, शिळाछपाईचा शोधही तिथलाच. पुढे छापखाना विकत घेणारा फ्रिट्झ श्लायशरही जर्मनच. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरांत जाऊन बसल्या. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणताना आपण छाती फुगवतो ती उगीच. या एका बाबतीत तरी जर्मनीनं आपलं काम चोख केलं होतं. परभणीचं बाकी आहे.

ते होण्यासारखं आहे. पत्रिका मोबाईलवर जाऊ लागल्यापासून स्क्रीनवाल्यांचं काम आटलंय, आणि चातुर्मासात तर लग्नंच नसतात. गावात चित्रकलेचे शिक्षक आहेत, हात बसलेली पोरं आहेत. एखाद्यानं भेगाळलेल्या रानाचं, फुटलेल्या कापसाच्या बोंडाचं, पुराच्या गढूळ गोदावरीचं अमूर्त चित्र तीन रंगांत बसवावं. त्याच्या पन्नास प्रती काढाव्यात, आकडा घालून सही करावी. कागद, शाई, कारागीर सगळं गावात आहे. कमी आहे ते गिऱ्हाईक, आणि ते तुम्ही-आम्हीच व्हायचं आहे.