चर्चसाठी बास गिटार: स्वस्त घ्या, फुकटातली नको



आपल्या पॅरिशच्या युवा गायनवृंदाने बास गिटार मागितली आहे. मागणी साधी आहे, पण मिस्सा संपल्यावर पायऱ्यांवर उभ्याउभ्या तिच्याबद्दल तीन मते ऐकू येतात. पहिले मत असे, की देवाच्या घरात वाद्य आणायचे तर नामांकित आणि भारी किमतीचे आणावे, नाहीतर आणूच नये. दुसरे मत असे, की कुणाच्या तरी माळ्यावर धूळ खात पडलेली गिटार मागून घ्यावी आणि वाचलेले पैसे गरिबांना द्यावेत. तिसरे मत असे, की पेटी आहे, कीबोर्ड आहे, मग बासची गरजच काय?

गायनवृंदाची सेवा पाहणाऱ्या आम्हा स्वयंसेवकांचे मत या तिघांहून वेगळे आहे. बास घ्यावी, साध्या किमतीची घ्यावी, पण नीट तपासून, पैसे मोजून घ्यावी. आणि ती एका घराची नव्हे, सगळ्या पॅरिशची असावी.

गरजेचा प्रश्न आधी घेऊ. बासला चार तारा असतात. त्यांतली सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या बरोबर एक सप्तक खाली. आपल्या भाषेत सांगायचे तर हा खर्ज. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून हा खालचा सूर नीट ऐकूच येत नाही. त्यामुळे मोबाइलवर गीते ऐकणाऱ्या पुष्कळांना वाटते, की बासवाला नुसता उभा असतो. चर्चमध्ये मात्र फरक लगेच कळतो. खर्ज नसेल तर पहिले बाक लय पळवतात, शेवटचे बाक मागे रेंगाळतात आणि मधल्यांना कुणाच्या मागे जावे ते समजत नाही. खालचा सूर ठाम असला की सगळे त्याच्यावर पाय रोवून गातात.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १२ वा अध्याय आपण पुष्कळदा ऐकतो. शरीराचे जे अवयव दुबळे वाटतात तेच अत्यंत गरजेचे असतात, असा त्याचा आशय. गायनवृंदात बासचे स्थान तसेच आहे. जेम्स जेमर्सन या बासवादकाचे उदाहरण घ्या. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात मोटाउन कंपनीची जी गाणी जगभर गाजली, त्यांतल्या कितीतरी गाण्यांत बास त्याची होती. पण वर्षानुवर्षे तबकडीवर त्याचे नाव छापले जात नव्हते. १९७१ साली मार्विन गे या गायकाच्या एका अल्बमवर ते आले. लोक गाण्यावर ठेका धरत होते, पण ठेका कुणाच्या बोटांतून येतो हे कुणी विचारत नव्हते. नाव न होणारी सेवा ज्याला शिकायची आहे, त्याला याहून चांगले वाद्य मिळणार नाही. आज ज्यांना माइकसमोर उभे राहण्याची घाई आहे, त्यांनाही आम्ही हेच सुचवू.

आता किमतीकडे वळू. इलेक्ट्रिक बास हे मुळात राजदरबारातले वाद्यच नव्हे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बास बाजारात आणली. फेंडर हे रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्या काळचे बासवादक माणसाएवढे उंच लाकडी वाद्य गाडीच्या टपावर बांधून न्यायचे आणि इतर वाद्यांच्या गजरात त्याचा आवाज बुडून जायचा. फेंडर यांनी सपाट लाकडी फळीला स्क्रूने मान जोडली, पट्टीवर धातूचे पडदे बसवले आणि आवाज विजेवर मोठा केला. पडद्यामुळे सूर अचूक पडतो, म्हणून नाव प्रिसिजन. कारखान्यात भराभर बनावी, मोडली तर स्क्रू काढून दुरुस्त व्हावी, अशीच तिची रचना होती. जन्मापासून ती कष्टकरी माणसाचे अवजार आहे. तेव्हा साध्या किमतीची बास आणल्याने चर्चची शोभा कमी होते, हे आम्हाला पटत नाही.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची स्वस्त गिटार आणि आजची स्वस्त गिटार यांतही मोठे अंतर आहे. याचे कारण आपल्या बेळगावकरांना समजावून सांगायला नको. उद्यमबागेत सीएनसी मशीनवर पाळी करणारी मुले आपल्याच पॅरिशमध्ये आहेत. एकदा माप बसवले, की हजारावा नगही पहिल्यासारखाच निघतो, हे त्यांना ठाऊक आहे. गिटारचेही तेच झाले. मानेचा आकार, पडद्यांच्या खाचा, स्क्रूची भोके आता मशीनवर कापली जातात. यामाहाची टीआरबीएक्स १७४, आयबनेझची जीएसआर २००, फेंडरच्याच स्क्वायर नावाखालची अफिनिटी मालिका ही शिकणाऱ्यांसाठीची नावाजलेली वाद्ये. चौपट किमतीच्या वाद्यात लाकूड निवडून घेतलेले असते, खुंट्या आणि पिकअप वरच्या दर्जाचे असतात, हाताने केलेली सफाई अधिक असते. या गोष्टी खऱ्या आहेत. पण आपल्या उंच छताच्या, घुमणाऱ्या चर्चमध्ये रविवारच्या नऊच्या मिस्साला बसलेल्या माणसाला तो फरक ऐकू येणार नाही. बेसूर वाद्य मात्र लहान मुलालाही ऐकू येते.

म्हणूनच माळ्यावरची फुकटातली गिटार आम्हाला नको वाटते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी दावीद राजा वेदी बांधण्यासाठी अरौनाचे खळे मागायला जातो. अरौना खळे, बैल, सरपण सगळे फुकट देऊ करतो. दावीद नाही म्हणतो. ज्याला आपली काहीच किंमत पडली नाही ते अर्पण देवाला करायचे नाही, असे ठरवून तो चांदीचे ५० शेकेल मोजून देतो. तिथे विकत घेतले ते साधे मळणीचे खळे होते, राजवाडा नव्हता. स्वस्त आणि फुकट यांतला फरक या कथेत आहे. स्वस्त वस्तूसाठी आपण विचार करतो, निवडतो, काहीतरी सोडून देतो. माळ्यावरची वस्तू पुष्कळदा आपण फक्त घरातून बाहेर काढत असतो. जुने वाद्य कुणी प्रेमाने दिले तर ते जरूर घ्यावे, पण नव्यासारखेच तपासून घ्यावे.

तपासायचे कसे, तेही सांगतो, म्हणजे दुकानात फसगत होणार नाही. चार तारांचा मिळून ताण सुमारे एका मोठ्या माणसाच्या वजनाइतका असतो आणि तो मान दिवसरात्र सोसते. म्हणून सगळ्यात आधी मान पाहावी. तार पहिल्या पडद्यावर आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबावी. मधल्या, सातव्या-आठव्या पडद्यापाशी तारेखाली कागदाच्या जाडीएवढी फट दिसली पाहिजे. फट खूप मोठी असेल किंवा अजिबात नसेल तर मानेतली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवून घ्यावी लागते. ती फिरूनही मान सरळ होत नसेल तर ते वाद्य ठेवून द्यावे. मग मानेच्या कडेवरून हात फिरवावा, पडद्यांची टोके बोचता कामा नयेत. बाराव्या पडद्यावर तार दाबून येणारा सूर आणि मोकळ्या तारेचा सूर बरोबर एका सप्तकाच्या अंतरावर आहेत का, ते ट्यूनरवर पाहावे. शेवटी अॅम्पला जोडून सगळी बटणे फिरवावीत, खरखर येत असेल तर दुसरा नग मागावा. काही बासमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते. वाजवून झाल्यावर वायर तशीच खोचून ठेवली की ती बॅटरी संपते आणि नेमकी सणाच्या मिस्साला दगा देते. मुलांना हे पहिल्या दिवशीच शिकवावे.

वाद्याइतकीच काळजी अॅम्पची घ्यावी. बास साध्या गिटारच्या छोट्या अॅम्पला जोडून मोठ्याने वाजवली तर त्याचा स्पीकर फाटू शकतो. बाससाठी बनवलेला छोटा अॅम्प हवा आणि तो भिंतीच्या कोपऱ्यात ठेवू नये, कारण कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि प्रवचनाच्या माइकपर्यंत घुमत राहतो. भजन असेल, तबला असेल, तेव्हा डग्गा खालची जागा आधीच भरत असतो. तिथे बासने लांब, थोडे आणि हलके सूर लावावेत. आणि एक बेळगावचा नियम: जून ते सप्टेंबर वाद्य सॅक्रिस्टीतल्या ओलसर कपाटात कोंडून ठेवू नये.

काही वडीलधाऱ्यांना हे वाद्य परके वाटते. त्यांचा आदर राखून एक आठवण द्यावीशी वाटते. ज्या पेटीवर आपण रेव्हरंड टिळकांची भजने गातो, ती पेटीही बाहेरूनच आली. हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले गेले. आपल्या आकाशवाणीनेही १९४० पासून पेटीवर बंदी घातली होती, ती १९७१ मध्ये सैल झाली. आज पेटीला परकी कोण म्हणेल? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेवरच्या आपल्या दस्तऐवजात पाइप ऑर्गनला मान दिला, पण इतर वाद्यांनाही दार उघडे ठेवले. अटी अशा, की धर्माधिकाऱ्यांची संमती असावी, वाद्य पवित्र उपयोगाला साजेसे असावे, चर्चच्या प्रतिष्ठेला शोभावे आणि भाविकांच्या भक्तीला त्याची मदत व्हावी. म्हणजे वाद्य कुठल्या देशातले, यापेक्षा ते उपासनेच्या कामी येते का, हे पाहायचे आहे. बासवाला स्वतःची कलाबाजी दाखवू लागला तर ती अट मोडली, हे आम्हालाही मान्य आहे.

आता सर्वांत जड आक्षेप: हे पैसे गरिबांचे आहेत. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणारी विधवा आपल्याही पॅरिशमध्ये आहे, आणि तिच्या नाण्याचा हिशेब आपल्याला द्यायचा आहे. त्यासाठीच आम्ही ४० हजारांची मर्यादा मांडत आहोत. त्यात बास २२ हजारांपर्यंत, अॅम्प १२ हजारांपर्यंत, वायर, पट्टा, पिशवी आणि ट्यूनर ३ हजार, आणि उरलेले ३ हजार कारागिराकडून वाद्य जुळवून घेण्यासाठी व तारांसाठी. गरिबांच्या निधीला हात न लावता वेगळी वर्गणी काढावी.

पण आमचा खरा मुद्दा यापुढचा आहे. आज आपल्या गायनवृंदात वाजवतो कोण? ज्याच्या घरी वाद्य आहे तो. बाकीची मुले टाळ्या वाजवतात. आईबाप दोघेही पाळीत काम करतात अशा घरातल्या मुलाला २० हजारांचे वाद्य कुणी घेऊन देणार नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून पॅरिशच्या संगीतशाळांनी नेमकी हीच दरी बुजवली. तिथल्या मुलांना चर्चमध्ये सूरलिपी आणि व्हायोलिन शिकायला मिळाले, आणि त्या परंपरेतल्या गोमंतकीय वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते त्यांच्याकडे. शिकवणारे हात आणि शिकण्यासाठी वाद्य, या दोन गोष्टी पॅरिशने दिल्या, तर घरची गरिबी आड येत नाही.

म्हणून आमची विनंती कौन्सिलला आहे तशीच पालकांनाही आहे. बासची नोंदवही ठेवावी. सोमवार ते शुक्रवार ती आळीपाळीने शिकणाऱ्यांच्या घरी जावी, शनिवारी सरावाला परत यावी. पहिल्या वर्षी किमान चार जणांनी शिकावे, त्यांत दोन मुली असाव्यात. ज्याच्या घरी आधीच वाद्य आहे त्याचा क्रम शेवटी लागावा. असे झाले तर गरिबांसाठीचा पैसा वाद्यावर गेला असे कुणी म्हणू नये. तो गरिबाच्या लेकराच्या हातात गेला, असे म्हणावे.

हे प्रभू येशू, नाझरेथच्या सुताराच्या घरी तू लाकूड, अवजार आणि घाम ओळखलास. आमच्या मुलांच्या हातांना काम दे, त्यांच्या सुरांना नम्रता दे, आणि आम्हा मोठ्यांना मोजून, आनंदाने देण्याची बुद्धी दे. आमेन.